कडाक्याच्या थंडीत नवजात वासरे व करडे कशी जगवावीत?



या पानावर आम्ही दर खेपेस लागण, बेणे, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि हुमणी यांविषयीच लिहितो. या खेपेस ऊस बाजूला ठेवून गोठ्यात शिरत आहोत. ऊस विकास खात्याने जनावरांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, गेल्या हंगामात आमच्याच खात्याच्या तोडणी चिठ्ठीपायी एका सभासदाच्या म्हशीची पारडी गेली. निदान तो सभासद तसे म्हणतो, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर आम्हांलाही त्यात तथ्य वाटते.

हकिकत थोडक्यात अशी. डिसेंबर अखेरचे दिवस. नदीकाठचा प्लॉट, आडसाली को ८६०३२, तोडीला आलेला. आमच्या चिटबॉयने दुपारी चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी टोळी फडात उतरली. शेजाऱ्याच्या गव्हातून ट्रॅक्टरला वाट करायची, बांध फोडायचा, रात्रीतून खेप भरून द्यायची, म्हणून घरातली सगळी कर्ती माणसे फडावर. घरी एकटी म्हातारी आणि गाभण म्हैस. म्हशीचे दिवस भरले होते हे सर्वांना ठाऊक होते, पण 'आज काही व्यायची नाही' असे धरून चालले. ती नेमकी रात्री दोनच्या सुमारास व्याली. गोठ्याला कोबा, तो संध्याकाळी धुतलेला. म्हातारीने कंदील धरून पाहिले, पारडी धडधाकट होती, म्हैस चाटत होती. वार पडलेली नव्हती म्हणून चीक पाजला नाही. म्हातारी आत जाऊन पडली. पहाटे साडेपाचला पोरगा घरी आला, तेव्हा पारडी ओल्या कोब्यावर पाय ताणून पडलेली, तोंडात बोट घातले तर आतून गार. डॉक्टर येईपर्यंत आठ वाजले. नऊला खेळ संपला.

पारडी गेली त्याबरोबर म्हशीने पान्हा चोरला. तिसऱ्या वेताची म्हैस, दोन्ही वेळचे मिळून दहा लिटरला ढळ नाही अशी, ती लिटर-दीड लिटरवर आली. कोणी तरी पान्ह्याचे इंजेक्शन सुचविले. ते चोरून मिळते आणि तसे वापरण्यास बंदी आहे. या गृहस्थाने ते घेतले नाही याबद्दल त्याला मानले पाहिजे. पण दूध संस्थेचा दहा दिवसांचा पगार बुडाला तो बुडालाच. उसाचे बिल यायला अवकाश असतो, तोवर घर दुधावर चालते, हे सभासदांना आम्ही सांगावयास नको.

तो गृहस्थ गट ऑफिसला आला. आरडाओरडा केला नाही. समोर बसला आणि म्हणाला, "साहेब, माझा ऊस दोन दिवस उभा राहिला असता तर काय वाळून गेला असता का?" आम्ही क्रमपाळीचे रजिस्टर काढून दाखविले. त्याने ते पाहिलेदेखील नाही.

त्याच रात्री, त्याच बांधावर

आता दुसरी गोष्ट, जी आम्हांला चार दिवसांनी समजली. त्या प्लॉटच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी टोळीच्या कोप्या होत्या. टोळी पाटोद्याकडची. एका कोपीत दोन शेळ्या होत्या, त्यांतली एक त्याच रात्री व्याली. जुळी करडे, त्यांतले एक अगदी मरतुकडे, हातावर मावेल एवढे. थंडी तीच, वारा तोच, गोठा तर नाहीच. दोन्ही करडे जगली. आम्ही गेलो तेव्हा बाचक्याला ढुशा देत होती.

आम्ही त्या बाईला विचारले, "मावशी, काय केलंत?" ती उसाच्या मोळ्या बांधता बांधता म्हणाली, "काय करायचंय सायेब. लेकरू काय न् करडू काय, वलं ऱ्हायलं की गेलं. पुसून काढलं, चीक पाजला, पाटीत पाचट घालून गोणपाटाखाली ठिवलं. एक तर कुडकुडंना बी झालं हुतं, त्येला रातभर पोटाशी घितलं." एवढेच. आमच्या डिप्लोमाच्या दोन वर्षांत पशुसंवर्धनाच्या तासाला जे शिकविले होते ते सगळे या चार वाक्यांत आले, आणि क्रमही बरोबर आला. म्हणून तोच क्रम धरून पुढे लिहितो.

थंडी का बाधते

वासरू किंवा करडू आईच्या पोटात ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास उबेत असते. तेथून ते एकदम आठ-दहा अंशांच्या हवेत, तेही नखशिखान्त ओले, येऊन पडते. आपण आंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहावे तसे. अंगावरचे पाणी वाळताना अंगातलीच ऊब घेऊन जाते. सर्वांत मोठी गळती हीच. दुसरी गळती वाऱ्याची. तिसरी जमिनीची, कारण ओला कोबा अंगातली ऊब अक्षरशः ओढून घेतो. मातीच्या कोरड्या जमिनीपेक्षा कोबा वाईट हे आम्ही स्वतः सांगत आहोत, आणि कोबा करा म्हणून पूर्वी सांगत फिरणारेही आम्हीच. कोबा स्वच्छतेला चांगलाच आहे, पण व्यायच्या जागी त्यावर जाड बिछाना हवा.

आकाराचाही भाग आहे. गुऱ्हाळावर पाहा. गुळाची ढेप काढली तर ती पोटातून कितीतरी वेळ गरम राहते, पण पानावर घेतलेला गुळाचा गोळा खाईपर्यंत निवतो. पदार्थ एकच, पण लहान गोळ्याला वजनाच्या मानाने बाहेरची बाजू जास्त. तीस किलोचे वासरू ही ढेप समजा, दोन किलोचे करडू हा गोळा. आणि जुळ्यांतले दीड किलोचे करडू म्हणजे बोटावरची चाटण. म्हणून एकाच गोठ्यात वासरू तगते आणि करडू दगावते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गरोळ जातीच्या मेंढीचा जुळे देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला, त्या 'नारी सुवर्णा' मेंढ्या ज्यांनी घेतल्या असतील त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जुळी होणे हा फायदा खरा, पण जुळी जगली तर.

निसर्गाने वासरा-करडांना थोडी शिदोरी दिलेली असते. मूत्रपिंडाच्या भोवती तपकिरी रंगाची एक प्रकारची चरबी असते, ती जळून ऊब तयार होते. कुडकुडण्यातूनही ऊब येते. पण ही शिदोरी काही तासांची. तेवढ्यात पोटात चीक गेला पाहिजे, नाही तर दिव्यातले तेल संपते. ज्या करडाचे कुडकुडणे थांबले ते बरे झाले असे समजू नये. त्याचे तेल संपले आहे. त्या मावशीला हे बरोबर कळले होते.

पुसणे

व्याल्याबरोबर पहिले काम नाकातोंडातला चिकटा काढणे आणि दुसरे पुसणे. आई चाटते हे खरे आणि तिला चाटू द्यावेच, त्याने तिला माया लागते व पिलाचे रक्त खेळते. पण पहाटेच्या थंडीत एकट्या आईवर भरवसा ठेवू नये. पहिलारू असेल तर ती कधी कधी भांबावते, आणि जुळे असेल तर एकाला चाटीपर्यंत दुसरे गारठते. कोरडे गोणपाट घेऊन केसांच्या उलट दिशेने, जरा जोर लावून घासावे. एक गोणपाट ओले झाले की दुसरे घ्यावे. गोणपाट तागाचेच हवे. प्लॅस्टिकच्या विणीची पोती पाणी टिपत नाहीत, नुसती अंगावरून घसरतात. केस फुलून उभे राहिले म्हणजे काम झाले. केसांत कोंडलेली कोरडी हवा हीच त्याची गोधडी.

नाळ दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून, कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. यावर अधिक लिहीत नाही, ते सर्वांना माहीत आहे. फक्त आयोडीनची बाटली आधीपासून घरात हवी. रात्री दोनला दुकान उघडे नसते.

चीक आणि वार

येथे मात्र आम्हांला थोडे अधिक लिहावयाचे आहे, कारण आमच्या मते त्या पारडीचा जीव थंडीइतकाच येथे गेला.

'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही समजूत आपल्या पट्ट्यात अजून घराघरात आहे. शिकल्या-सवरल्या घरांतही आहे. आमच्या स्वतःच्या घरी आमची आई हेच म्हणत असे, आणि तिच्यापुढे आमचा डिप्लोमा काही चालत नसे. म्हशीची वार पडावयास सहा-आठ तास सहज लागतात. रात्री दोनला व्यालेल्या म्हशीची वार सकाळी नऊला पडली, तर पारडू सात तास उपाशी, तेही रात्रीच्या सर्वांत गार वेळात. वस्तुतः गोष्ट उलटी आहे. पिलू सडाला लागले म्हणजे आईच्या शरीरात जो पान्ह्याचा रस सुटतो तोच गर्भाशयाला आवळतो आणि वार पडावयास मदत करतो. चीक लवकर पाजल्याने वार अडत नाही. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, हाताने ओढू नका.

चीक लवकर का? दोन कारणे. एक तर ते सरपण आहे. त्यात स्निग्धांश आणि साखर असते, ती जळून अंग तापते. दुसरे, गाय, म्हैस, शेळी यांच्या पिलांना आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती केवळ चिकातूनच मिळतात. आणि पिलाच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याची वाट पहिल्या सहा तासांत उत्तम उघडी असते, मग बारीक बारीक होत एका दिवसात बंद होते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी तो केवळ अन्न म्हणून उपयोगी.

प्रमाण असे धरावे. वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पहिल्या सहा तासांत, दोन-तीन खेपांनी. त्यांतला निम्मा पहिल्या दोन तासांच्या आत. म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, पैकी दीड लिटर लगोलग. करडाला दर किलो वजनास एका वेळी ५० मि.लि., दिवसभरात २०० मि.लि. दोन किलोच्या करडाला एका खेपेस चहाचा मोठा कप, दिवसाकाठी चार खेपा.

खरवसाचे काय, असे घरातील मंडळी विचारतील. खरवस आम्हांलाही आवडतो. पण तो जमतो कशाने हे पाहा. चीक तापविला की ज्या द्रव्यांमुळे तो गोठतो, त्यांतच ती रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. खरवस जितका घट्ट तितका तो वासराच्या कामाचा होता. तेव्हा पहिल्या धारेचा चीक वासराला, त्याचे पोट भरल्यावर उरेल त्याचा खरवस, आणि गल्लीत वाटायचा असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेळेचा. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी उरलेला पहिला चीक लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. एखादी शेळी व्याल्यावर आटली किंवा दगावली तर तो उपयोगी पडतो. तो चुलीवर तापवू नये, डबा कोमट पाण्यात धरून वितळवावा.

बिछाना, आडोसा व झूल

ऊसतोड चालू असताना ज्याच्या शेतात पाचटाला तोटा नाही त्याचे वासरू उघड्या कोब्यावर झोपते, हे आम्हांला दर हिवाळ्यात दिसते. पाचट शेतातच कुजवा, जाळू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि आताही तेच सांगतो. पण एकरी जे तीन-चार टन पाचट निघते त्यातले दोन-चार भारे गोठ्यात आणले तर जमिनीचे काही बिघडत नाही. उलट शेणामुताने भिजून ते शेणखतात परत येते.

पाचट अंथरताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते उन्हात कडक वाळलेले असावे, कारण फडात दवाने भिजलेले असते. आणि पानाच्या कडा धारदार असतात, कूसही टोचते, म्हणून कुट्टी मशीनमधून काढावे, किंवा खाली पाचट व वर गव्हाचा भुसा अथवा भाताचे काड असा दोन थरांचा बिछाना करावा. गुऱ्हाळाच्या चिपाडाचा चुराही चालतो. बगॅस मात्र गिरणीतून निघते तेव्हा जवळजवळ निम्मे पाणीच असते, ते तसेच अंथरले तर बिछाना नव्हे, पोटीस होईल. बिछाना किती जाड? वासरू बसल्यावर त्याचे दुमडलेले पाय बिछान्यात दिसेनासे झाले पाहिजेत. पाय दिसत असतील तर आणखी घाला. आणि गुडघा टेकून पाहा. तुमच्या लेंग्याला ओल लागली तर ती वासरालाही लागते आहे.

आडोशाबद्दल लोक दोन टोके करतात. काही गोठे चहूबाजूंनी उघडे, तर काही कागदाने असे गच्च बंद की आत शिरताच डोळ्यांतून पाणी येते. मुताचा तो वास फुप्फुसाला बाधतो आणि कोंडलेल्या दमट हवेत वासरांना न्यूमोनिया होतो. पिलाच्या उंचीला वारा अडवावा, म्हणजे जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत गोणपाटाचे पडदे वा पाचटाचे कूड लावावेत, आणि वर छपराखाली हवा खेळती ठेवावी. नदीकाठच्या व ओढ्याच्या खळग्यांतील वस्त्यांवर थंडी जास्त पडते, कारण गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराला येऊन साचते. ज्यांचा गोठा उसाच्या भिजलेल्या फडाला लागून आहे त्यांना तर पहाटे चार ते सहा हा वेळ फारच कठीण.

झूल घरी होते. तागाचे एक पोते, आतून जुने धाबळीचे किंवा घोंगडीचे अस्तर, छातीवरून एक पट्टा आणि पोटाखालून दोन. ओली झाली की लगेच बदलावी. ओली झूल नसण्यापेक्षा वाईट. दिवसा ऊन पडले की काढून वासराला उन्हात बांधावे.

दिवा, शेगडी आणि एक जळालेला गोठा

पूर्वी शंभरचा बल्ब टांगला की करडांचे भागत असे. आता घरोघर एलईडी आले. विजेची बचत झाली हे उत्तम, पण एलईडीचा दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. एका सभासदाने आमचे जुने सांगणे ऐकून करडांवर नऊ वॅटचा एलईडी टांगला आणि 'तुमचा उपाय काही चालला नाही' असे आम्हांला ऐकविले. चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही आमचे सांगणे बदलावयास हवे होते. कोंबड्यांची पिले वाढविणाऱ्यांकडे जे लाल उबेचे बल्ब असतात, १५० ते २५० वॅटचे, ते वापरावेत. जाळीची टोपी असावी, साखळीने टांगावा, नुसत्या वायरीवर लोंबकळत सोडू नये, आणि बिछान्यापासून कमीत कमी अडीच फूट वर ठेवावा. खाली पाचट आहे हे विसरू नये.

आमच्या गटात एका वस्तीवर घमेल्यात निखारे करून गोठ्यात ठेवले होते. शेळीने घमेले लवंडले. पाचटाचा बिछाना, पाचटाचे कूड, पाच मिनिटांत छप्पर खाली आले. माणसे वाचली, दोन करडे व एक कालवड गेली. ऊब द्यायला गेले आणि होते तेही घालवून बसले. शिवाय बंद जागेत कोळशाचा धूर जनावरांना आणि माणसांनाही मारतो, दिसत नाही, वास येत नाही, झोपेत माणूस जातो. टोळीच्या बंधू-भगिनींनीही कोपीचे तोंड बंद करून शेगडी आत घेऊन झोपू नये, हे आमचे हात जोडून सांगणे आहे.

वीज रात्री भरवशाची नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे सलाईनच्या रिकाम्या किंवा पाण्याच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून करडाच्या दोन्ही बाजूंना ठेवणे. पाटीत बिछाना, बाटल्या, वर गोणपाट. मावशीच्या पाटीचीच ही सुधारून वाढविलेली आवृत्ती.

डुकराच्या पिलांपासून शिकावे असे काही

आपल्या एका तरुण सभासदाने गेल्या काही वर्षांत पांढऱ्या यॉर्कशायर डुकरांचा व्यवसाय सुरू केला आहे. गावात आधी नाके मुरडली गेली, आता दोघे-तिघे विचारायला जातात. आम्हीही एकदा जाऊन पाहिले. डुकराचे पिलू म्हणजे थंडीच्या बाबतीत सर्वांत दुबळे. सव्वा-दीड किलोचे, अंगावर केस नावाला, आणि वर सांगितलेली ती तपकिरी चरबी त्याला मुळीच नसते. पहिल्या दिवसांत त्याला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते, तर त्याच्या आईला वीस अंशांच्या आसपास बरे वाटते, त्याहून फार गरम झाले की ती खाणे कमी करते. एकाच खोलीत दोन ऋतू पाहिजेत. त्यासाठी त्याने कोपऱ्यात लाकडी फळ्यांची पेटी केली आहे, आत बल्ब, खाली कोरडा भुसा, आणि पिलांपुरते लहान दार. मादीला आत जाता येत नाही, त्यामुळे पिले तिच्या अंगाखाली चिरडतही नाहीत. पिले दूध पिऊन आली की आपोआप पेटीत शिरतात. करडांसाठी हीच पेटी जशीच्या तशी चालेल, दार थोडे उंच करावे.

त्याची दुसरी गोष्ट आम्हांला फार पटली. त्याच्या पेटीत थर्मामीटर नाही. तो म्हणाला, "पिलंच थर्मामीटर आहेत." पिले एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. बल्बपासून दूर भिंतीला जाऊन धापा टाकत असतील तर गरम होते आहे, वर घ्या. कुशीवर, शेजारी शेजारी, पाय सोडून झोपली असतील तर हात लावू नका. कोंबडीची पिले व करडे यांनाही हीच परीक्षा लागू.

गारठलेले पिलू हाती आले तर

तोंडात बोट घालावे. आतून ऊबदार असेल आणि ते बोट चोखत असेल तर पुसून, चीक पाजून भागते. तोंड गार लागले, चोखणे थांबले, मान टाकली असेल तर घाई करून चीक ओतू नये. गारठलेल्या पिलाचे पोट काम करीत नाही आणि गिळता येत नसल्याने चीक फुप्फुसात जातो. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात धरून पाहावे. ३७ अंशांच्या, म्हणजे सुमारे ९८.६ फॅरनहाइटच्या खाली असेल तर आधी ऊब, मग चीक. करडू असेल तर अंगाला सोसवेल अशा कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास, मान वर धरून बुडवून ठेवावे. पाणी निवू देऊ नये. अंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडविले तर आईचा वास धुतला जात नाही व ती नंतर त्याला टाकीत नाही. बाहेर काढून कडक कोरडे करावे. मात्र पिलू जन्मून पाच-सहा तास झाले असतील आणि अजून उपाशी असेल, तर त्याच्या रक्तातली साखरही संपलेली असते, अशा वेळी नुसती ऊब दिल्याने झटका येऊन ते दगावू शकते. त्याला ग्लुकोजचे इंजेक्शन आधी लागते आणि ते डॉक्टरांचेच काम आहे. म्हणून बोलावणे पाठविण्यास उशीर करू नये.

जाता जाता गाभण जनावराविषयी. हंगामात वाढे फुकट मिळते म्हणून चार महिने नुसत्या वाढ्यावर म्हैस ठेवणारे पुष्कळ आहेत. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते अंगातला चुना बांधून टाकते. शेवटच्या दोन महिन्यांत म्हशीला व शेळीला वाढ्याबरोबर कडबा, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. पोटातच हलके राहिलेले पिलू बाहेर थंडीशी काय झगडणार?

चिठ्ठीबाबत

त्या सभासदाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. क्रमपाळी मोडता येत नाही, एकाची मोडली तर दहा जण दारात उभे राहतात, हे खरेच आहे. पण त्याच दिवशीच्या क्रमपाळीतल्या दुसऱ्या प्लॉटशी अदलाबदल करणे आमच्या हातात होते, आणि विचारले असते तर केले असते. आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

या हंगामापासून आमच्या गटात चिटबॉयकडच्या वहीत एक रकाना वाढविला आहे. पंधरा दिवसांत व्यायची म्हैस, गाय वा शेळी असेल तर सभासदाने तोडणीची सूचना मिळताच ते सांगावे. गाभण गेल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर हिशेब सोपा. गाय साधारण २८० दिवसांनी, म्हैस ३१० दिवसांनी, शेळी १५० दिवसांनी. एक-दोन दिवसांची अदलाबदल दोन्ही सभासदांच्या संमतीने गट ऑफिसात होईल, त्यासाठी कारखान्यावर येण्याची जरूर नाही. आतापर्यंत सात जणांनी नोंद केली आहे. त्यांत तो गृहस्थही आहे. त्याच्या घरची दुसरी म्हैस याच महिन्यात वीस तारखेच्या आगेमागे व्यायची आहे आणि त्याच्या खोडव्याची तोड आम्ही पंचवीसनंतर धरली आहे.

— ऊस विकास अधिकारी